तेंडोलकरांची चौथी मंदाकिनी

माणसाने बायको, दूधवाला आणि गाडीची कंपनी आयुष्यात एकदाच निवडावी आणि मग तोंड मिटून निभावून न्यावी, असं महिपत तेंडोलकरांचं मत होतं. शालूवहिनींचं मत तिन्ही बाबतींत वेगळं होतं, पण ते त्यांना कोणी विचारलं नव्हतं. दूधवाला वर्षानुवर्षं पाणी घालत होता आणि तेंडोलकर वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच दूध घेत होते. गाडीचंही तसंच. पहिली मंदाकिनी, दुसरी मंदाकिनी, आणि आता खाली पार्किंगमध्ये खोकत उभी असलेली तिसरीही मंदाकिनीच.

एक काळ असा होता, की डोंबिवली पूर्वेच्या 'सुयोग छाया' सोसायटीत निम्म्या गाड्या मंदाकिनीच्या होत्या, आणि त्या सगळ्या तेंडोलकरांनी घ्यायला लावलेल्या. कोणाच्या घरात गाडीचा विषय निघाला, की हे बोलावल्याशिवाय हजर. शोरूमपर्यंत सोबत जायचे, सीट दाबून बघायचे, बॉनेट उघडून आत मान घालायचे (आत काय बघायचं असतं ते त्यांना आजतागायत कळलेलं नाही) आणि शेवटी म्हणायचे, "घ्या डोळे मिटून." कंपनीने त्यांना याबद्दल कधी साधं कॅलेंडरही पाठवलं नाही. त्यांनीही अपेक्षा केली नाही. निष्ठा ही निष्ठा असते, तिला कॅलेंडर लागत नाही, असं ते म्हणायचे, आणि मग किराणावाल्याकडून कॅलेंडर मागून आणायचे.

पण दिवस बदलले. एकेक करून लोक मंदाकिनी सोडून गेले. तिसऱ्या मजल्याने उंच गाडी घेतली, दुसऱ्याने विजेवर चालणारी घेतली, तळमजल्याने छप्पर उघडणारी घेतली. "डोंबिवलीत छप्पर उघडून बघणार काय? धूळ?" असं तेंडोलकर जिन्यात उभं राहून मोठ्याने विचारत. पार्किंगमध्ये मंदाकिनी एकच उरली.

आणि तिचीही अवस्था सांगण्यासारखी नव्हती. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा. ड्रायव्हरच्या बाजूची काच दोन तळव्यांमध्ये धरून वर ओढावी लागायची. शालूवहिनींच्या बाजूचं दार आतून उघडत नसे, म्हणून तेंडोलकर प्रत्येक वेळी उतरून, गाडीला वळसा घालून, बाहेरून दार उघडून धरत. 'हा माणूस बायकोला किती मान देतो,' असं मानपाडा रोडवर बोललं जायचं. वहिनींनी हा गैरसमज कधी दूर केला नाही, कारण मान त्यांना घरात फारसा मिळत नसे, निदान रस्त्यात तरी मिळतोय.

प्रकरणाला सुरुवात झाली ती सोसायटीच्या गणपतीत. आरती संपलेली, प्रसाद यायचा होता, आणि काळुराम म्हात्रे खुर्चीत ऐसपैस बसलेले. ज्या जमिनीवर ही बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या वडिलांची भातशेती. त्यामुळे चार फ्लॅट त्यांचे, तीन पार्किंग त्यांची, आणि मतं सगळी त्यांची. गाडी ते दर दोन वर्षांनी बदलत. कंपनीचं नाव त्यांना विचारलं तर आधी खिडकीतून खाली बघून सांगत.

"काय तेंडोलकर," काळुरामशेठ म्हणाले, "कवा बदलताव ती गारी? आमची आय खोकते त्याच्यापेक्षा जास्ती खोकते ती."

शेजारी बसलेल्या आवडाबाई, म्हणजे खुद्द आय, हसल्या आणि खोकल्या.

"बदलणार आहे," तेंडोलकर म्हणाले. "मंदाकिनीच घेणार."

"परत तीच? अरं, गारी मंजे चप्पल. झिजली का दुसरी घालाची. तिचं काय देव्हाऱ्यात पूजन करतंय का कोन?"

लोक हसले. तेंडोलकर चप्पल-बिप्पल ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. ते उठून उभे राहिले, गणपतीकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "काळुरामशेठ, दसऱ्याला या गेटमधून नवी मंदाकिनी आत येईल. चौथी. आणि तिच्यापुढे नारळ तुम्ही फोडायचा."

टाळ्या पडल्या. त्या प्रसाद आला म्हणून पडल्या की शब्दाला पडल्या, हे सांगणं कठीण. पण शब्द गेलेला होता, आणि तेंडोलकरांच्या घरात शब्द म्हणजे शब्द. सेक्रेटरी गणूभाऊ राऊळ यांनी तो त्याच मिनिटाला सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, वर तीन नारळांची चित्रं जोडून.

दुसऱ्याच दिवशी तेंडोलकर माजिवड्याला मंदाकिनीच्या शोरूममध्ये गेले. काचेचं दार ढकलताना त्यांना माहेरी आल्यासारखं वाटत होतं. समोर वल्लरी नावाची एक चुणचुणीत मुलगी आली. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'नातेसंबंध व्यवस्थापक' असं लिहिलेलं होतं, ते तेंडोलकरांना फार आवडलं.

"पहिलीच गाडी का सर?"

या प्रश्नाची ते वाटच बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चौथी," ते म्हणाले. "आणि चारही मंदाकिनी. सत्तावीस वर्षं दुसऱ्या गाडीकडे मान वळवून बघितलेलं नाही."

"वॉव सर! म्हणजे तुम्ही तर घरचेच!"

तेंडोलकरांचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांनी का होईना, कोणीतरी म्हणालं. मग वल्लरीने कॉम्प्युटरवर थोडं टकटक केलं आणि तितक्याच गोड आवाजात म्हणाली, "घरच्यांना संक्रांतीनंतर मिळेल सर."

"मला दसऱ्याला हवी आहे."

"दसऱ्याचा लॉट स्वागत कोट्यात गेलाय सर. म्हणजे जे दुसऱ्या कंपनीची गाडी सोडून आपल्याकडे येतात ना, त्यांना आधी द्यायची असते. ते नाराज झाले तर परत जातील ना."

"आणि मी?"

"तुम्ही कुठे जाणार सर?" ती अगदी निर्मळ मनाने म्हणाली. "लग्नात नाही का, घरचे लोक शेवटच्या पंगतीला बसतात."

आता यावर कोकणातला माणूस काय बोलणार! रुचिताच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या लग्नात तेंडोलकर स्वतः कमरेला पंचा बांधून जिलब्या वाढत फिरलेले आणि संध्याकाळी उरलेल्या भाताशी कोशिंबीर कालवून जेवलेले. 'घरचे शेवटी' हे त्यांनीच लोकांना शिकवलेलं. पाणी मागितलं तर वल्लरीने कोपऱ्यातला कूलर दाखवला. घरचेच ना, आपल्या हाताने घ्यायचं.

परतताना ते माजिवड्याच्या सिग्नलला डावीकडे वळले, हॉर्न वाजला, पुढच्या रिक्षावाल्याने मागे वळून त्यांच्या तीर्थरूपांचा उल्लेख केला, आणि तेंडोलकर घरी आले.

बातमी लपणं शक्य नव्हतं. सल्ले सुरू झाले. तिसरा मजला म्हणाला, ग्राहक मंचात जा. तळमजला म्हणाला, ती जुनी वहिदाच रंगवून आणा, कोणाला कळतंय. तिला वहिदा का म्हटलं ते विचारल्यावर तो म्हणाला, जुनी पण देखणी या अर्थाने. गणूभाऊ म्हणाले, सोसायटीच्या लेटरहेडवर कंपनीला निषेध कळवू, फक्त त्याला सभेची मंजुरी लागेल, आणि सभा दसऱ्यानंतर आहे. शालूवहिनी म्हणाल्या, "गाडी कुठलीही घ्या, दार आतून उघडणारी घ्या."

कामाचा सल्ला निघाला तो शत्रूच्याच तोंडून. काळुरामशेठ गच्चीवर भेटले आणि म्हणाले, "तेंडोलकर, घरचा मानूस शेवटी जेवतो ना? मंग तुमी पावना व्हा."

"म्हणजे?"

"माजी जुनी गारी, ती ऑर्बेला कंपनीची, खाली उबीच हाय. नवी आलीय, मंग हिला कोन चालवतंय? ती तुमच्या नावावर करतो, तुमची डबरी माज्या नावावर करा. तुमी झाले ऑर्बेलावाले. मंग जा छाती काढून, आनि सांगा, मी ऑर्बेला सोरून आलोय. दसऱ्याला गारी हातात."

तेंडोलकर संतापले. निष्ठावंत राहण्यासाठी आधी फितूर व्हायचं? हे म्हणजे सोवळं पाळण्यासाठी पहिल्यांदा... इथे त्यांना उपमा सुचली नाही, पण संताप खरा होता. तो त्यांनी दोन दिवस टिकवला. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर कोणीतरी 'नारळ ऑर्डर करायचे का?' असं विचारलं, आणि ते काळुरामशेठच्या दाराची बेल वाजवून आले.

नावबदलाचं काम साईनाथ नावाच्या एजंटकडे दिलं. साईनाथचं ऑफिस म्हणजे त्याची स्कूटर. सीटखाली शिक्के, डिकीत फाइली, आणि आरशाला अडकवलेला गोंदाचा डबा. त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं: "काम झालं समजा." हे वाक्य तो कामाला हात लावण्याआधी म्हणायचा आणि त्यानंतर फोन उचलत नसे.

"एक काम तेवढं तुम्ही करा काका," तो म्हणाला. "दोन्ही गाड्यांच्या सांगाड्यावर चासी नंबर कोरलेला असतो, त्याचा ठसा घ्यायचाय. नंबरावर कागद ठेवायचा, वरून पेन्सिल घासायची. काय नाय, पोरंसोरं करतात."

पोरंसोरं करत असतील, पण पोरासोरांना पोट नसतं. मंदाकिनीचा नंबर, साईनाथच्या सांगण्याप्रमाणे, 'खाली जरा आत' होता. रविवारी सकाळी तेंडोलकर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पार्किंगमध्ये उताणे झाले आणि इंच इंच करत गाडीखाली गेले. नंबर सापडला. पेन्सिलचं टोक तुटलं. दुसरी पेन्सिल खिशात होती, पण खिशापर्यंत हात जाईना, कारण हात आणि खिसा यांच्यामध्ये मंदाकिनी होती. बाहेर यावं तर शर्ट कशाला तरी अडकलेला. ते तसेच पडून राहिले आणि 'कोणी यावं' आणि 'कोणी येऊ नये' या दोन्ही प्रार्थना एकदम करू लागले.

आले ते गणूभाऊ. त्यांना गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले, त्यांतल्या एका पायात तेंडोलकरांची चप्पल. गणूभाऊ जिना चढून थेट वर गेले आणि दार उघडताच म्हणाले, "वहिनी, घाबरू नका, धीर धरा. तेंडोलकर गाडीखाली आलेत."

"बंद गाडीखाली?" वहिनींनी विचारलं. त्या हातातलं पीठ झटकून सावकाश खाली आल्या. तोवर निम्मी सोसायटी जमलेली. चौघांनी पाय धरून ओढलं, शर्ट आतच राहिला, आणि तेंडोलकर बनियनवर, हातात काळ्या कागदासह, जनतेसमोर प्रकट झाले.

"काय करत होतात?" गणूभाऊंनी विचारलं.

खरं सांगता येत नव्हतं. साईनाथने बजावलेलं, की गाड्या का बदलतोय ते कोणाला बोलायचं नाही. "निरोप घेत होतो," तेंडोलकर ताठ मानेने म्हणाले आणि बनियनवरच जिना चढून गेले.

त्यानंतर एका मंगळवारी काम खरंच झालं. कागदोपत्री महिपत तेंडोलकर ऑर्बेलाचे मालक झाले आणि काळुराम म्हात्रे मंदाकिनीचे. सोसायटीने गाड्या इकडच्या तिकडे लागलेल्या बघितल्या आणि ग्रुपवर एकच वाक्य फिरलं: 'तेंडोलकर फुटले.' ज्यांनी स्वतः केव्हाच मंदाकिनी सोडलेली, त्यांनाच सगळ्यात जास्त वाईट वाटलं. तिसरा मजला जिन्यात भेटला तर मान हलवत म्हणाला, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हो." तळमजल्याने डोळ्यांत पाणी आलेली पिवळी तोंडं पाठवली. निष्ठा हा प्रकार असा आहे, की तो दुसऱ्याने पाळायचा असतो. आपण पाळत नसलो तर दुसऱ्याने फारच काटेकोरपणे पाळायचा असतो. तेंडोलकरांना झोप लागेना. फुटलेला म्हणवून घ्यायला लागावं, आणि तेही न फुटता, याचा त्यांना मनापासून राग येत होता.

आणि त्यात ऑर्बेला चांगली निघाली, ही सगळ्यात मोठी अडचण. तेंडोलकर ती चेहरा पाडून चालवत, सुतकात असल्यासारखी. पण ब्रेक दाबला की लागत होता. घरडा सर्कलला डावीकडे वळले तरी हॉर्न वाजला नाही. त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं आणि त्यांनी तो स्वतःच्या हाताने वाजवला. भाजी घ्यायला थांबले, नेहमीप्रमाणे उतरले, वळसा घालून दाराशी पोचले, तोवर वहिनी आपल्या आपण उतरून भेंडी निवडत होत्या.

"दार आतून उघडतं," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद तेंडोलकरांनी बघून न बघितल्यासारखा केला.

दोन दिवसांनी ऑर्बेलाच्या सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. "महिपतजी, नवीन मालक म्हणून आपलं स्वागत. गाडी कशी वाटतेय? काही त्रास?" तेंडोलकरांनी फोन कानापासून दूर धरून नंबर तपासला. त्यांना वाटलं, चुकून लागला असावा. मग "बरी आहे" एवढंच तुटकपणे म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत तिघांना सांगितलं, की हल्ली कंपन्या उगाच फोन करून डोकं खातात.

मग ते परत माजिवड्याला गेले, वहिनींचा मोबाइल नंबर घेऊन (त्यांचा स्वतःचा कंपनीच्या नोंदीत होता) आणि ऑर्बेला घेऊन. काचेचं दार या वेळी दुसऱ्याने उघडलं. मऊ खुर्ची आली, कोल्ड कॉफी आली, बशीत बदामाचं बिस्किट आलं. वल्लरीने त्यांना बघितलं, बाहेर उभ्या ऑर्बेलाकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सर, सिस्टीममध्ये तुम्ही नवीन आहात. मीपण तुम्हाला ओळखत नाही." तिने खरंच फार सांभाळून घेतलं. केबिनमधून विनीत नावाचा मॅनेजर धावत आला. "सर, ऑर्बेला सोडून आमच्याकडे! आमचं भाग्य!" दसऱ्याची सकाळ पक्की झाली. तेंडोलकरांनी बिस्किट खाल्लं, पण सत्तावीस वर्षांत न मिळालेलं ते बिस्किट त्यांना गोड लागेना.

दसऱ्याला सगळी सोसायटी माजिवड्याला लोटली. गुपित आता फोडायला हरकत नव्हती. तेंडोलकरांनी आदल्या दिवशीच ग्रुपवर टाकलेलं, 'उद्या चौथी मंदाकिनी. सत्य समोर येईल.' गणूभाऊ आले, तिसरा मजला आला. काळुरामशेठ आवडाबाईंना घेऊन आले, तेही जुन्या मंदाकिनीतून. त्यांच्या नव्या गाडीची पायरी म्हातारीला चढवत नव्हती. वहिनी ठेवणीतली पैठणी नेसून, हळद-कुंकवाचं ताट घेऊन उभ्या. मधोमध लाल सॅटिनच्या कापडाखाली गाडी, शेजारी पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली, आणि समोर तीन पायांवर एक कॅमेरा.

"सर, एक छोटासा बाइट," विनीत म्हणाला. "स्वागत कोट्यातल्या सगळ्यांचा घेतो. वर मोठ्या स्क्रीनवर लागतो. फक्त एवढंच म्हणायचं: इतकी वर्षं मी चुकीच्या गाडीत होतो. ही माझी पहिली मंदाकिनी."

तेंडोलकर कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

"इतकी वर्षं मी," ते म्हणाले, आणि खोकले.

"नो प्रॉब्लेम सर. परत."

"इतकी वर्षं मी चुकीच्या..." इथे त्यांची नजर बाहेरच्या जुन्या मंदाकिनीवर गेली.

"थोडं हसून सर. आनंद दिसू दे."

सगळी सोसायटी बघत होती. एक वाक्य. ते म्हटलं की कापड दूर होणार, किल्ली हातात येणार, गेटवर नारळ फुटणार, शब्द खरा होणार. न म्हटलं, तर भर दसऱ्याला सगळ्या डोंबिवलीत हसं. तेंडोलकरांना हे सगळं नीट दिसत होतं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि हसायचा प्रयत्नही केला.

"ही माझी पहिली..." ते म्हणाले, थांबले, आणि मग त्यांचा आवाज चढला. "नाही! पहिली नाही! पहिली घेतली तेव्हा माझी पोर पंधरा दिवसांची होती, हिच्या कोपरीच्या माहेराहून तिला मी त्या गाडीतून घरी आणली. दुसऱ्या गाडीतून माझ्या वडिलांना शेवटचं एकदा गाव दाखवून आणलं, सगळा घाट ते पुढच्या सीटवर बसून मला गिअर कधी टाकायचा ते सांगत होते. तिसरी ती बघा बाहेर उभी आहे. मी चुकीच्या गाडीत नव्हतो. मी मंदाकिनीत होतो!"

विनीत जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, तेवढं कट करू. एक वाक्य तर आहे. म्हणून टाका ना. कोण बघतंय?"

"मी बघतोय," तेंडोलकर म्हणाले. "खोटं नाव सांगून जेवायला बसायला मी काय आगंतुक आहे? ठेवा तुमची गाडी. आणि बदल्यात घेतलेली माझी ऑर्बेलाची किल्ली परत द्या."

आणि मग त्यांना एकदम आठवलं, की इथे आणखी एक माणूस आहे. त्यांनी वहिनींकडे बघितलं. पैठणी, ताट, आणि महिनाभर ऐकलेलं नव्या गाडीचं कौतुक. विनीतने तीच संधी साधली. "मॅडम, तुम्ही तरी समजवा सरांना."

वहिनींनी ताटावर रुमाल टाकला. "आमच्या घरात खोटं बोलायचं असतं तेव्हा मी बोलते," त्या म्हणाल्या. "दूधवाल्याला, भिशीला, यांच्या बहिणीला. यांना जमत नाही, आणि जमलेलं मला चालणारही नाही. चला हो."

तेंडोलकर बाहेर आले. निदान आपली जुनी तरी परत घ्यावी, म्हणून ते मंदाकिनीजवळ गेले. "काळुरामशेठ, बेत फसला. आपल्या गाड्या जशा होत्या तशा करू."

काळुरामशेठ काही बोलायच्या आत खिडकीतून आवडाबाईंचा आवाज आला. "मी नाय उतरनार. ही गारी खाली हाय. बसाला पाय उचलावा लागत नाय."

"आये, ती तेंडोलकरांची हाय गं."

"कागदावर कोनाची हाय?"

काळुरामशेठनी मान खाली घातली. "माजी."

"मंग झालं तर. आनि इकाची नाय. मी हाय तवर दुसरी गारी घ्याची नाय." आवडाबाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. तशाही त्या उतरू शकत नव्हत्या, दार आतून उघडत नव्हतं. दर दोन वर्षांनी गाडी बदलणाऱ्या काळुराम म्हात्र्यांच्या गळ्यात ही मंदाकिनी अशी कायमची पडली, आणि सत्तावीस वर्षं एका कंपनीला चिकटलेल्या माणसाने ऑर्बेलाचं दार उघडलं.

डोंबिवलीला गेटवर सगळे आधीच पोचून रांगेत उभे होते. कोणी हसलं नाही. तेंडोलकरांनी हसण्यासारखा चेहराच ठेवला नव्हता. काळुरामशेठ नारळ घेऊन पुढे आले, क्षणभर घोटाळले, आणि म्हणाले, "शब्द मंदाकिनीचा होता."

"फोडा," तेंडोलकर म्हणाले. "शब्द माझा होता, तो मोडला. माझा मीच मोडला, कोणी मोडायला लावला नाही. आज इथे जी गाडी उभी आहे ती माझी आहे."

नारळ फुटला. गणूभाऊंनी खोबरं तोंडात टाकत विचारलं, "म्हणजे तेंडोलकर, शेवटी फुटलात म्हणायचं का?"

"म्हणा," तेंडोलकर म्हणाले. "ग्रुपवर टाका. वर मोठ्या अक्षरात टाका."

दुपारी श्रीखंड-पुरीचं ताट पुढे आलेलं, आणि फोन वाजला. वहिनी "राहू दे, जेवा" म्हणत होत्या, पण तेंडोलकरांनी उचलला.

"नमस्कार सर, मंदाकिनी मोटर्सच्या ग्राहक विभागातून रसिका बोलतेय. आमच्या नोंदीप्रमाणे आपण आपली मंदाकिनी दुसऱ्याच्या नावावर केलीत आणि आपल्या नावावर आता वेगळ्या कंपनीची गाडी आहे. आम्हाला खूप वाईट वाटलं सर."

"वाटणारच," तेंडोलकर म्हणाले.

"आपण आम्हाला सोडून का गेलात, एवढं विचारायचं होतं. किंमत, मायलेज, सर्व्हिस, की इतर काही? दोन मिनिटं लागतील सर."

तेंडोलकरांनी पुरीचा हात ताटात पुसला. सत्तावीस वर्षं ते याच फोनची वाट बघत होते. तो आला, पण ते गेल्यावर आला. त्यांना रागही आला आणि हसूही आलं. राग जास्त आला. ते पाटावरून उठून उभे राहिले.

"लिहून घेताय ना?"

"हो सर."

"मग कारणाच्या जागी माझं नाव लिहा. महिपत विष्णू तेंडोलकर."

"सर, तिथे नाव नाही लिहिता येत. कारण लिहायचं असतं."

"तेच कारण आहे," तेंडोलकर म्हणाले. "सत्तावीस वर्षांत तुमच्याकडून कोणी ते नाव एकदाही घेतलं नाही. पूर्ण लिहा. मी थांबतो."